कॉन्स्टान्शियाचं छत

इटलीतल्या जुन्या चर्चमध्ये शिरलं, की नजर आधी छताकडे जाते. पानाफुलांच्या वेली, उठावाची पदकं, चुन्यातून उमललेल्या आकृती. याच घराण्यातलं छत लखनौमध्ये आहे. मुलांच्या ला मार्टिनिअर शाळेची मूळ इमारत म्हणजे कॉन्स्टान्शिया. तिच्यातल्या चॅपेलमध्ये सहज डोकावावं म्हणून गेले आणि मान वर करून उभीच राहिले.

ही वास्तू बांधली क्लॉड मार्टिननं. फ्रान्समधल्या लियाँ शहरात १७३५ साली जन्मलेला हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मेजर-जनरल झाला आणि नवाब आसफउद्दौलाच्या शस्त्रागाराचा प्रमुखही. युरोपातली धाटणी त्यानं आणली खरी, पण इथं संगमरवर कुठला? इथं होत्या लखनौच्या पातळ लाखौरी विटा, चुना, आणि गिलाव्यावर हुकमत असलेले कारागीर. इमामबाड्यांवर वेलबुट्टी उठवणाऱ्या परंपरेतले हे हात. गच्चीवरचे सिंह आणि युरोपीय पुतळे खालून पाहताना मला त्या हातांचंच कौतुक वाटत होतं. मार्टिनचं नाव इमारतीला चिकटलं, त्या कारागिरांपैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. ही मला फार मोठी उणीव वाटते.

मार्टिनचा स्नेही होता चित्रकार योहान झोफनी. जन्मानं जर्मन, पण रोममध्ये शिकलेला. फ्लॉरेन्समध्ये राहून त्यानं उफिझी संग्रहालयातल्या प्रसिद्ध दालनाचं चित्र काढलं होतं. लखनौला येऊन त्यानं मॉर्डंट या इंग्रज अधिकाऱ्याच्या कोंबड्यांच्या झुंजीचं चित्र रंगवलं आणि १७८७ मध्ये कलकत्त्याच्या सेंट जॉन्स चर्चसाठी येशूचं अखेरचं भोजन. लिओनार्दोनं मिलानच्या मठात रंगवलेला तोच प्रसंग, पण झोफनीच्या शिष्यांना चेहरे मिळाले कलकत्त्यातल्या ओळखीच्या माणसांचे! त्यानंतर थोड्याच वर्षांनी आपल्या पुण्यात, शनिवारवाड्यात, जेम्स वेल्स या चित्रकाराच्या हाताखाली गंगाराम तांबट पाश्चात्त्य पद्धतीनं चित्रं काढायला शिकत होता. निदान त्याचं नाव राहिलं.

मार्टिन १३ सप्टेंबर १८०० रोजी वारला, तेव्हा काम अपुरं होतं. इच्छेप्रमाणे त्याला याच इमारतीच्या तळघरात पुरलं. कबरीच्या चार कोपऱ्यांवर बंदुका उलट्या धरून शोक करणारे शिपाई होते, तेही पुतळेच. १८५७ च्या धुमश्चक्रीत कबरीची मोडतोड झाली आणि ते गेले. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून १८४५ मध्ये इथं शाळा सुरू झाली.

लखनौला जाणारे संगीतप्रेमी मराठी लोक पंडित भातखंड्यांच्या १९२६ सालच्या संस्थेसाठी कैसरबागेत जातातच. त्यांनी कॉन्स्टान्शियालाही जावं. शाळा चालू असते, म्हणून आधी परवानगी काढावी. चॅपेलमध्ये गेल्यावर माहितीफलक नंतर वाचावेत, आधी छत पाहावं, आणि पाहताना चुना मळणाऱ्या, तो ओला असतानाच आकार देणाऱ्या त्या लखनवी गवंड्यांची आठवण ठेवावी.