मोड आलेल्या दाण्यातील प्रथिने



विषय बिअरचा म्हणताच काहींच्या भुवया चढल्या असतील. पण मला पेल्याविषयी नव्हे, दाण्याविषयी बोलायचे आहे. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, ती वाळवून सत्त्व करतात. युरोपात सातूला मोड आणून तो वाळवला, की त्याला माल्ट म्हणतात.

सातूच्या दाण्यात अंकुरासाठी शिधा भरलेला असतो: मुख्यतः पिष्ट, आणि शेकडा १० ते १२ प्रथिने. परंतु प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या अंकुराला जशाच्या तशा घेता येत नाहीत. म्हणून ओल लागताच दाणा विकरे कामाला लावतो. त्यांतील काही साखळी मधेच तोडतात, तर काही टोकाकडून एकेक अ‍ॅमिनो आम्ल सुटे करतात. चार-सहा दिवसांनी माणूस दाणा भट्टीत वाळवतो आणि अंकुराची वाढ थांबते. त्याच्यासाठी मांडलेले ताट पुढे यीस्टच्या वाट्याला जाते.

मग माल्ट भरडून गरम पाण्यात कालवतात. ४५ ते ५० अंश सेल्सिअसला उरलीसुरली प्रथिने तुटतात. ६५ च्या सुमारास पिष्टाची साखर होते, आणि तिथे प्रथिने तोडणारी पुष्कळशी विकरे निकामी होतात. आजच्या चांगल्या माल्टमध्ये मात्र हे काम बहुतेक मोडाच्या दिवसांतच उरकलेले असते.

प्रश्न आहे प्रमाणाचा. प्रथिने फार कमी तुटली, तर यीस्टची उपासमार होते आणि आंबण्याची क्रिया रेंगाळते. शिवाय उरलेली काही प्रथिने टॅनिनसारख्या द्रव्यांशी सांगड घालतात व थंडीत बिअर गढूळ होते. फार तुटली, तर फेस टिकत नाही. कारण फेसाला मोठ्या प्रथिनांचाच आधार असतो.

हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावे लागते. कोपनहेगनमध्ये १८७५ साली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा निघाली. तेथील योहान केल्डाल यांनी १८८३ साली युक्ती काढली: नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, प्रथिनांतील नायट्रोजन अमोनियाच्या रूपात वेगळा काढायचा आणि मोजायचा. विकरांचे काम आम्लतेवरही अवलंबून असते. ती मोजण्यासाठी त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली पीएच ही मोजपट्टी दिली.

केल्डाल यांच्या पद्धतीने आजही दुधातील आणि धान्यातील प्रथिने मोजतात. ज्यांनी बिअरचा थेंबही चाखला नाही, त्यांच्या अन्नाची पारखही या सातूच्या अभ्यासातून आली आहे. एवढे ध्यानी आले, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.