कोणाची कोण ते नको, काय काम येतं ते लिहा

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्याकडे ‘बायोडाटा’ हा एकच शब्द दोन कामांना चालतो. लग्न जुळवायला आणि नोकरी मागायला. बायकांच्या बाबतीत हे दोन कागद एकमेकांत मिसळून जातात. तुम्ही काल मला दाखवायला आणलेले अर्ज मी रात्री वाचले. बहुतेकींनी सुरुवातीलाच नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित हे लिहिलं आहे. काय काम येतं, ते अगदी खाली. म्हणजे नोकरी मागतानाही आपण आधी कोणाच्या कोण आहोत ते सांगतो.

आता हा कागद इंटरनेटवर गेला आहे. लिंक्डइन 2003 साली सुरू झालं. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस 2015 पासून आहे, राज्य सरकारचं महास्वयम् आहे. या सरकारी ठिकाणी नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. माणूस हवा असलेला मालक तिथे शब्द टाकून शोधतो. ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘मराठी टंकलेखन’. तो शब्द ज्या पानावर नाही, ते पान त्याला दिसतच नाही. म्हणून पहिल्या ओळीत ‘होतकरू, मेहनती, संधीच्या शोधात’ असं लिहू नका. ते सगळेच लिहितात. ‘हिशेबनीस. टॅली व जीएसटी विवरणपत्रं. सहा वर्षांचा अनुभव.’ असं लिहा.

दुसरा प्रश्न नावाचा. आपल्या महाराष्ट्रात लग्नानंतर आडनावच काय, कित्येकींचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतं. प्रमाणपत्रं एका नावाची, आधारकार्ड दुसऱ्या नावाचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. पण ज्यांचं बदललं आहे त्यांनी काय करायचं? लिंक्डइनवर आधीचं नाव लिहायला वेगळी जागा आहे, ती वापरा. जुन्या नोकरीतले सहकारी तुम्हाला त्याच नावाने ओळखतात.

तिसरा प्रश्न मधल्या वर्षांचा. मुलं झाली, सासूबाई आजारी पडल्या, आठ वर्षं गेली. विचारलं की आपण मान खाली घालून म्हणतो, “काही नाही, घरीच होते.” काही नाही कसं? 2022 साली लिंक्डइनने नोकरीतला खंड कारणासह लिहिण्याची सोय केली. मुलांचं संगोपन, आजाऱ्याची काळजी हीसुद्धा त्यात आहेत. खंड झाकू नका. एका ओळीत सांगा आणि त्या काळात केलेलं काम मोजून लिहा. बचत गटाचं कर्जखातं ठेवलंत? किती बायकांचा गट, किती वर्षं, बँकेचे कागद कोण करत होतं, हे लिहा. मात्र न केलेलं लिहू नका. आपल्याला खोट्याची गरज नाही, केलेलंच आपण अर्धं सांगतो.

आता चावीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका बाईने सुंदर पान तयार केलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, पण नोंदवलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा होता. त्याने तिला चार दिवसांनी सांगितलं. म्हणाला, “विसरलो.” जागा भरून गेली होती. त्या दिवशी ती रडली नाही. नवं सिमकार्ड घेऊन आली. म्हणून सांगते, नंबर आपला, ईमेल आपला, पासवर्ड आपला. घरचा पत्ता, आधार क्रमांक, जन्मतारीख पानावर टाकायची नाही. नोकरीसाठी कोणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबायचं. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करायची.

एवढं सगळं केलं की नोकरी मिळेल, असं मी म्हणणार नाही. 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं उघड छापलं होतं. सुधा मूर्तींनी त्याविरुद्ध थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुढे 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतल्या भेदभावाला बंदी घातली. आज तसं छापलेलं नसलं, तरी चाळणी आहेच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. 2007 साली त्यांनी मांडलं, की दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी येतात. ॲमेझॉनने अर्ज निवडायला एक यंत्रणा बनवली होती. ती आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकली, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. मग अर्जात ‘महिलांचा’ अमुक संघ असा शब्द दिसला की ती गुण कमी करू लागली. तो प्रयोग सोडून द्यावा लागला, आणि 2018 साली ही बातमी जगासमोर आली. म्हणजे दोष दरवेळी आपल्या पानात नसतो.

यावर काल एका तरुण मैत्रिणीने विचारलं, “ताई, मग संघटनेतलं काम लिहू की लपवू?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी स्वतः लिहीन. पण माझं घर त्या पगारावर चालत नाही, तिचं चालणार आहे. मी तिला एवढंच म्हणेन, की काम जरूर लिही. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात समुपदेशन केलंस, पोलीस ठाण्यात अर्ज लिहून दिलेस, सभा चालवल्यास. ही कौशल्यं आहेत. संघटनेचं नाव घालायचं की नाही, ते तू ठरव. नाही घातलंस तर तुला कोणी भित्री म्हणणार नाही.

पण तिच्या प्रश्नाने मला आणखी एक गोष्ट टोचली. तिने आपल्याकडे पाच वर्षं मानधनावर काम केलं. तिच्या हातात त्याचा एक तरी कागद आहे? नाही. मालकांनी बायकांचं काम मोजावं म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि आपल्याच कार्यकर्तीला अनुभवाचं पत्र देत नाही. तिथे आपणही मालकासारख्याच वागलो.

तेव्हा आजच्या बैठकीत ठराव करूया. एक वर्षाहून जास्त काम केलेल्या प्रत्येकीला पत्र द्यायचं. काय काम केलं, किती काळ केलं, ते स्पष्ट लिहून. दुपारच्या सत्रात दोघी-दोघी बसा, एकमेकींची पहिली ओळ लिहा. स्वतःबद्दल लिहायला आपली जीभ अडखळते, मैत्रिणीबद्दल नाही.

चला, कागद घ्या.