पालाश शेतातलं आणि ताटातलं



आज मी पोटॅशियमवर, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत पालाशवर, बोलणार आहे, आणि त्यासाठी माळशिरस तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्र, 170 किलो स्फुरद, 170 किलो पालाश, हा हिशेब इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. पालाश कमी पडलं की पानांच्या कडा करपतात, केळीचा घड नीट पोसत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच घरात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, पण ताटातल्या पालाशची चौकशी होत नाही. आपण डॉक्टर, परिचारिका, आशाताई, अंगणवाडीताईही ती करत नाही. ‘मीठ कमी करा’ म्हणतो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतो.

मीठ कमी व्हायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पण अन्नातून रोज किमान 3510 मिलिग्रॅम पोटॅशियम मिळावं, अशी तिची 2012 ची शिफारसही आहे. पोटॅशियम पुरेसं मिळालं की मूत्रपिंड जास्तीचं सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. चीनमधल्या 600 खेड्यांतल्या सुमारे 21 हजार लोकांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे रक्तदाबाचे रुग्ण त्यात होते. निम्म्या गावांत घरातलं मीठ बदललं: तीन भाग नेहमीचं, एक भाग पोटॅशियम क्लोराइड. त्या गावांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले.

आपल्याकडे तर हे पोटॅशियम रानात उभं आहे. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत ते हजार मिलिग्रॅमच्या वर असतं. तूरही तशीच. हुलगाही मागे नाही. पण हुलग्याचं माडगं आणि शेंगोळ्या आता आजी असेल त्या घरातच उरल्या. शेंगदाणे आहेत, राजगिरा-चाकवतासारख्या पालेभाज्या आहेत, ताक आहे. एका मध्यम केळ्यातून चारशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. यातली एकही वस्तू औषधाच्या दुकानातून आणावी लागत नाही.

पोटॅशियम शिजवताना पाण्यात उतरतं. पुरणाच्या डाळीवरचं येळवणी न फेकता त्याची आमटी करणाऱ्या आपल्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या राखलं. पालेभाजी उकडून, पिळून, पाणी मोरीत ओतलं की ते गेलं. कारखान्यातही तेच होतं. माळीनगरचा साखर कारखाना 1930 च्या दशकातला, म्हणजे गाळप या तालुक्याला नवं नाही. उसानं जमिनीतून उचललेलं पालाश पांढऱ्या साखरेत जवळजवळ येतच नाही, ते मळीत जातं. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या राखेतून ते पुन्हा मिळवतात आणि खत म्हणून विकतात. शेताचं पालाश शेताला परत मिळतं, माणसाच्या वाट्याला नुसती साखर येते. त्यात पुड्यातलं फरसाण आणि चहाबरोबरची खारी आली, म्हणजे सोडियम वाढलं आणि पोटॅशियम आणखी घटलं.

उपवासाचंही पाहा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पोटॅशियम जेमतेम दहा-बारा मिलिग्रॅम, तेवढ्याच रताळ्यात तीनशेच्या वर. दोन्ही उपवासाला चालतात. तरी एकादशीला घरोघरी खिचडीच का? तिच्यात जे काही पोटॅशियम आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं आणि बटाट्याचं.

आता जे सांगतो ते कृपा करून गावागावात न्या. वर सांगितलेलं सगळं मूत्रपिंड चांगलं असणाऱ्यांसाठी आहे. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. ते पट्ट्यात ठेवण्याचं मुख्य काम मूत्रपिंडाचं. ते थकलं, की हेच पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडवतं, माणूस अचानक दगावू शकतो. आपल्याकडे पेशंटला भेटायला जाताना शहाळं नेण्याची रीत आहे. डायलिसिसवरच्या माणसासाठी ते शहाळं घातक ठरू शकतं, आणि आणणारा त्याचा सख्खा भाऊ असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. म्हणून ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या मिठाची पिशवी तपासणीशिवाय कुणाला सुचवू नका. तिच्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला भाजी उकळून पाणी फेकायला सांगायचं, इतरांना ते पाणी आमटीत घ्यायला सांगायचं. सल्ले उलटे आहेत, म्हणून क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय आहार सांगायचा नाही.

एक मागणी करून थांबतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी मुक्काम करत याच तालुक्यातून पंढरीला जाते. तुकोबांची अकलूजवरून. वारकऱ्यांत म्हातारी माणसं पुष्कळ, पायी चालणं, अंगातून घामाच्या धारा, आणि पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या. येत्या आषाढीला अन्नदान करणाऱ्या मंडळांशी आपण आधीच बोलूया: फराळाला उकडलेली रताळी, केळी आणि शेंगदाण्याची आमटी ठेवा. आणि वारीतल्या आपल्या प्रत्येक तपासणी तंबूत रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी दोन प्रश्न विचारले जावेत: किडनीचा काही त्रास आहे का, आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत. हे प्रश्न छापलेला कागद दुपारच्या सत्रात आपण मिळून ठरवू.