चावी उतरलेला फोनो

चावी संपत आली की फोनोवरचं गाणं कसं रडवेलं होई, हे पेठ वडगावच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. ते ७४ च्या आसपास आले की सूर जवळजवळ अर्धा उतरे, ३९ झाले की गाणं पुरतं सप्तकभर खाली!

शाळेच्या नाटकात हीच गंमत हवी असेल, तर गुरुजींनी संगणकावर 'ऑडॅसिटी' घ्यावी. पैसे पडत नाहीत. तीत 'स्लायडिंग स्ट्रेच' उघडून शेवटचा वेग उणे ५० टक्के आणि सूर उणे १२ अर्धस्वर भरावा. मात्र तयार गाण्यात गळा, पेटी, तबला एकजीव झालेले असतात. गळ्याबरोबर तबलाही घसरतो, आणि तो कानाला फार खुपतो. तेव्हा नुसत्या आलापाचा तुकडा निवडावा. गावच्या भजनाचं एकुलतं ध्वनिमुद्रण असेल, तर आधी त्याची प्रत काढावी, मगच हात लावावा.