वाहनाची उंची, चाकाचे माप आणि ट्रेलरचे ओझे
(ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्या मेळाव्यातील भाषण)



बैलगाडीत भात, नारळ किंवा शेणखत भरणाऱ्या शेतकऱ्याला ओझ्याचा तोल पुस्तकातून शिकावा लागला नाही. माल मागच्या बाजूस अधिक पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातील पट्टा फासासारखा आवळतो. माल पुढे अधिक पडला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान बैल जुंपण्यापूर्वी जू हातांनी उचलून पाही. ते थोडे जड लागले पाहिजे, पण फार जड नव्हे, एवढाच त्याचा हिशेब असे. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील वृद्ध मंडळींना हे सांगण्याची गरज नाही. मात्र त्यांच्या नातवंडांना ते सांगण्याची वेळ आली आहे, कारण बैलगाडी गेली तरी हा हिशेब गेलेला नाही. जुवाच्या जागी लोखंडी हूक आला आणि बैलांच्या जागी दोन टन वजनाची मोटार आली, इतकाच फरक.

आज मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरील गावांत पाण्यावरची यंत्रे वाहणारे ट्रेलर मोटारींच्या मागे दिसतात. डिचोली व साखळीकडे जत्रेला किंवा लग्नाला विजेचे जनरेटर आणि घरबांधणीसाठी काँक्रीट कालवण्याची यंत्रे याच रीतीने नेली जातात. ओढणारे वाहन पुष्कळदा मोठी एसयूव्ही किंवा जीप असते. मोठ्या गाडीने ओझे ओढावे यात गैर काही नाही. अडचण उद्भवते ती त्याच गाडीला हौसेखातर मूळ मापापेक्षा मोठी चाके बसविली जातात तेव्हा. मग गाडी फार उंच दिसते म्हणून तिचे धूड खाली उतरविले जाते, आणि इतके झाल्यावरही ट्रेलरचा हूक मागे तसाच राहतो. ही हौस मुळात परदेशातली. अमेरिकेत तिच्यासाठी उंची कमी-जास्त करता येणारे हूक आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्प्रिंगा विकत मिळतात. येथे मात्र बहुधा स्प्रिंग कापली जाते किंवा पाट्यांच्या स्प्रिंगेतील एखाददुसरा पाटा काढून टाकला जातो, आणि काम झाले असे मानले जाते.

गाडी खाली आणण्याची इच्छा सर्वस्वी मूर्खपणाची आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाडी जितकी बुटकी तितका तिचा गुरुत्वमध्य खाली, आणि वळणावर ती तितकी कमी कलते, हे शास्त्र खरे आहे. परंतु चाक, स्प्रिंग आणि हूक यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो, आणि तो मांडला की निराळेच चित्र दिसते.

समजा, मूळ चाकाचा टायरसह व्यास ३० इंच आहे आणि त्या जागी ३३ इंचांचे चाक बसविले. त्यामुळे आस दीड इंच वर गेला आणि टायरचा माथा मडगार्डकडे दीड इंच सरकला. पुढे गाडी दोन इंच खाली उतरविली. म्हणजे टायर आणि मडगार्ड यांच्यामधील साडेतीन इंच जागा नाहीशी झाली. आता मागे ट्रेलर जोडला की त्याची दांडी हुकावर टेकते आणि गाडीची शेपूट आणखी खाली दबते. खड्ड्यात किंवा वळणावर टायर पत्र्याला घासू लागतो. घासलेला टायर कधी फुटेल याचा नेम नसतो, आणि मागे हजार किलो ओझे असताना तो फुटला तर गाडीचा ताबा राखणे निष्णात चालकालाही जड जाते.

व्यास दहा टक्क्यांनी वाढला की आणखी तीन गोष्टी घडतात. वेगदर्शक काटा ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ किलोमीटर वेगाने धावत असते. तेच इंजिन व तोच गिअर असूनही रस्त्यावरील ओढण्याची शक्ती सुमारे एक दशांशाने घटते. ब्रेकचेही तसेच आहे : चाकाचा घेर वाढला, पण ब्रेकची तबकडी होती तेवढीच राहिली, म्हणून पायाच्या तेवढ्याच जोराला गाडी थांबविण्याची ताकद कमी पडते. ज्या गाडीला ओझे ओढावयाचे आहे तिच्याच ओढीत आणि ब्रेकमध्ये अशी दुहेरी घट करणे, ही हौसेची फार महाग किंमत म्हटली पाहिजे.

दांडीच्या भाराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण इथेच गाडीवानाचे जुने ज्ञान कामास येते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. हजार किलोच्या ट्रेलरसाठी तो शंभर किलो झाला. हूक मागच्या आसाच्या एक मीटर मागे असेल आणि दोन आसांतील अंतर २.७ मीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर १०० नव्हे, तर सुमारे १३७ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा ३७ किलो कमी होतो. वळविण्याचे काम पुढची चाके करतात, आणि तीच हलकी होतात. कापलेली स्प्रिंग हा भार घेताना तळाला टेकते. गाडीचे नाक वर जाते आणि दिव्यांचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. रात्रीच्या वेळी समोरच्याला दिपवून सोडणाऱ्या गाडीचे कारण कित्येकदा बल्बात नसून मागच्या स्प्रिंगेत असते. हे टाळण्यासाठी कोणी ओझे ट्रेलरच्या मागच्या भागात सरकविले तर गाडी उलाळ होते. मग ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो आणि अखेरीस ओढणाऱ्या गाडीलाही फरफटत नेतो.

या तालुक्यांची भूमी तर अशा बदलांना मुळीच अनुकूल नाही. पेडण्यात केरीहून तेरेखोलला जाण्यासाठी आणि डिचोलीतील नार्वे येथून दिवाडीला जाण्यासाठी फेरीबोट आहे. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार तीव्र होतो. जेथे उतार संपून बोटीची फळी सुरू होते तेथे बुटक्या गाडीचे पोट टेकते. पोट निसटले तरी हूक आणि ट्रेलरची दांडी जमिनीला घासतात. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे चढण्यापेक्षा उतरण्यात धोका अधिक, कारण सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि निकामी होऊ लागतो. (सत्तरीतील ही केरी वेगळी आणि तेरेखोलच्या मुखावरची वेगळी, हे बाहेरून आलेल्या चालकाला सांगावे लागते.) पावसाळ्याचे तर बोलावयासच नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारी धरणाचे पाणी सुटून शापोरा नदी फुगली, तेव्हा डिचोलीतील साळ आणि पेडण्यातील इब्रामपूर, चांदेल या गावांत पाणी शिरले. अशा वेळी दोन इंचांचाही फरक लहान नसतो.

रस्त्यांवरची गर्दीही पूर्वीची राहिलेली नाही. मोपा येथील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली आणि पेडण्याच्या आडवळणाच्या रस्त्यांवर परक्या चालकांची वर्दळ वाढली. डिचोलीत २०१८ च्या मार्चमध्ये बंद पडलेले खनिज उत्खनन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. अवजड वाहन वेळेवर थांबले नाही तर काय होते, हे खाणपट्ट्यातील माणसाला दुसऱ्याने शिकवावे लागत नाही. शाळा सुटण्याच्या वेळी चिऱ्यांच्या दोन कुंपणांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्याच्या कडेने मुले घरी परततात. त्यांना बाजूला सरायला जागा नसते.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. रंग बदलणे किंवा किरकोळ सामान बसविणे यास हरकत नाही, आणि अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी करावयाच्या बदलांना कायद्यातच वाट ठेवली आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस गाडी पाहावयास येतो, तेव्हा कापलेली स्प्रिंग त्याच्या नजरेतून सुटत नाही.

ट्रेलरविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. त्याला इंजिन नाही, म्हणून नोंदणी नको, असे पुष्कळांस वाटते. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतःची नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे लावावा लागतो, कारण ट्रेलर जोडल्यावर गाडीची स्वतःची पाटी झाकली जाते.

ज्याला खरोखर ओझे ओढावयाचे आहे त्याने चाके आणि स्प्रिंगा मूळ मापाच्याच ठेवाव्यात आणि गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची जी मर्यादा दिली असेल ती पाळावी. सपाट जागी जोडल्यावर ट्रेलर आडव्या रेषेत उभा राहिला पाहिजे. नाक खाली किंवा वर असेल तर हुकाची उंची जुळलेली नाही. हूक निसटल्यास दांडी जमिनीत रुतू नये म्हणून साखळी बांधावी. घाटात उतरताना चढताना लागेल तोच खालचा गिअर घालावा. दांडीवर किती भार येतो हे पाहण्यास नारळ किंवा भात तोलण्याचा वजनकाटा पुरतो. चाकांना ओट देऊन, ट्रेलर आडवा धरून दांडी काट्यावर टेकवावी. शाळेतील विज्ञान-शिक्षकांना तरफेचा पाठ शिकविण्यासाठी याहून चांगले साहित्य मिळणार नाही. एक मोजपट्टी, एक काटा आणि गावातला एखादा ट्रेलर एवढ्यावर तो वर्गाबाहेर, अंगणात शिकविता येतो. दांडी जोडण्यापूर्वी मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मुलांना मोजू द्यावे, जोडल्यावर पुन्हा मोजू द्यावे, आणि पुढच्या चाकाचेही तसेच करावे. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की गाडीचे नाक किती उचलले गेले ते मुले स्वतःच सांगतात.