कुंभकोणमच्या भिंती आणि त्यांत राहणारी माणसे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या इमारतींच्या रक्षणाचा विषय निघाला की आपल्यातील काहींच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू लागतो. देवळे, मठ, वाडे ही सरंजामी सत्तेची स्मारके. त्यांची काळजी पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी करावी, कष्टकऱ्यांच्या पक्षाला त्याचे काय, असा एक सूर आपल्यात आहे. हा सूर चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि ते मी कुंभकोणम या एका गावाच्या आधारे मांडणार आहे.

कुंभकोणम आपल्याला अगदीच परके नाही. तंजावरच्या मराठी राज्यातले हे गाव. १७९९ साली राज्याचा कारभार कंपनीने गिळंकृत केला, तरी मराठी बोलणारी कुटुंबे तेथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले टी. माधवराव १८२८ साली येथेच जन्मले. पण आजचा मुद्दा मराठ्यांच्या वैभवाचा नाही. जिंजीसह बारा किल्ल्यांना २०२५ साली जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्याचा आनंद सर्वांनी साजरा केला. बहुतेक किल्ल्यांत आज फारसे कोणी राहत नाही, त्यामुळे तो आनंद सोपा होता. कुंभकोणमचा प्रश्न अवघड आहे, कारण तेथे माणसे राहतात.

गावाला लागूनच दारासुरम आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर तेथे आहे आणि २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. दारासुरम ही रेशमी कापड विणणाऱ्यांची वस्ती. १९५८ च्या केंद्रीय स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित, असे ठरले. निषिद्ध पट्ट्यातील जुन्या घराची डागडुजी करायची तर त्यालाही परवानगी लागते. मंदिराला खेटून सिमेंटचे हॉटेल उभे राहू नये, हे कोणालाही पटेल. परंतु पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली माग चालवणाऱ्या विणकराने कोणत्या कचेरीच्या किती पायऱ्या चढाव्यात?

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. कायद्यातच याला उत्तर आहे. देशातील सुमारे ३,७०० केंद्र-संरक्षित स्मारकांपैकी प्रत्येकासाठी, भोवतालची परिस्थिती पाहून, वेगळे उपविधी करावेत अशी तरतूद त्याच दुरुस्तीने केली. बहुसंख्य स्मारकांसाठी ते अद्याप अंतिम झालेले नाहीत. परिणामी ओसाड माळावरच्या समाधीला आणि विणकरांच्या दाट वस्तीतल्या मंदिराला एकच मीटरपट्टी लागते. नोकरशाहीला यात काही गैर वाटत नाही. मोजायला सोपे, एवढे तिला पुरते.

आता गावात चला. सारंगपाणी संनिधी रस्त्यावर गणिती रामानुजनचे घर आहे. एका विद्यापीठाने ते विकत घेतले, २००३ साली तेथे स्मारक झाले, आणि घर वाचले. चांगले झाले. परंतु तशाच ओट्याची, तशाच मधल्या चौकाची, सागवानी खांबांची जी घरे या गावात आहेत, त्यांत जगप्रसिद्ध गणिती राहिला नाही. त्यांचे काय? ती केंद्राच्या यादीत नाहीत, राज्याच्या १९६६ च्या कायद्याखालील यादीतही नाहीत. वारसा आयोगाचा कायदा तमिळनाडू विधानसभेने २०१२ साली संमत केला. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने वारशाच्या रक्षणासाठी ७५ निर्देश दिले. कायदा प्रत्यक्ष अंमलात यायला मात्र २०२४ साल उजाडले. बारा वर्षे! तेवढ्या काळात पहार थांबून राहत नाही. घर उभे असेपर्यंत ते दुरुस्तीचा खर्च. मोडले की त्याचे खांब आणि दारे कराईकुडीच्या जुन्या सामानाच्या बाजारात रोख पैसा.

आणि घर मोडते ते केवळ लोभापायी नाही. देवळांच्या या गावांत पुष्कळ ठिकाणी जमीन देवस्थानाची किंवा मठाची असते आणि वरचे घर राहणाऱ्याचे. तो पिढ्यान्‌पिढ्या भुईभाडे भरतो. जमिनीचा कागद नावावर नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून एक दिवस घर धोकादायक ठरते. मालकी हक्काचा प्रश्न बाजूला ठेवून वारशाचे नियम करणे म्हणजे जमिनीच्या मालकाला आणखी एक हत्यार देणे होय.

जुने ते सारे सुरक्षित, असा भाबडेपणा मात्र आपण करू नये. याच गावात १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या गवती छपराला आग लागली आणि ९४ मुले जळून मेली. इमारतींवर देखरेख ठेवण्याचे नियम तेव्हाही होते. ज्या यंत्रणेला शाळेचा जिना दिसत नाही, तिला वाड्याच्या तुळईला लागलेली वाळवी दिसेल, यावर माझा विश्वास नाही. म्हणून रक्षणाची मागणी आणि नियमित तपासणीची मागणी एकत्रच करावी लागेल.

नियमातील एक वाक्य काय करू शकते, हे मुंबईच्या साथींना सांगायला नको. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींची श्रेणीवार यादी आणि नियम आले. देशात असे नियम प्रथम तेथेच झाले. मालकांच्या नुकसानभरपाईसाठी बांधकाम-हक्क दुसरीकडे वापरण्याची सोयही झाली. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ चे वेगळे नियम होते: एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, असे ठरले. इमारत पाडून मोकळी होणारी जागा वाटणीतून सुटली! सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे ग्राह्य धरले. गिरण्या पडल्या, काही चिमण्या तेवढ्या शोभेला उरल्या, आणि त्या चिमण्यांखाली राबलेला कामगार घरासाठी अर्ज करीत राहिला.

तेव्हा कुंभकोणमसारख्या गावांत आपल्या कार्यकर्त्यांनी काय करावे? उपविधींचा मसुदा हरकतींसाठी निघतो. तो लोकांच्या भाषेत छापून वस्तीच्या सभेत वाचला जावा, असा आग्रह धरावा. यादी करताना राजवाड्यांबरोबर माग असलेली घरे, छत्रे, जुन्या शाळा यांची नोंद रहिवाशांकडूनच करवून घ्यावी. पाडण्याचा अर्ज आला की त्याची सूचना त्याच रस्त्यावर लागावी, आणि भाडेकरूचे म्हणणे ऐकल्याशिवाय परवानगी देता येऊ नये. भुईभाड्याने राहणाऱ्याला दुरुस्तीचे कर्ज मिळावे. आणि दारासुरमच्या विणकराच्या छपराचा अर्ज ठरावीक दिवसांत, पहिल्या पावसाच्या आत, निकालात निघावा.