लागलेलें हरिण सांपडत कां नसे?

बोदवडकडच्या रानांत गोळी लागलेलें हरिण ज्वारीच्या उभ्या पिकांत शिरलें, कीं दहा पावलांवर पडूनही तें दृष्टीस पडत नसे. काळ्या मातीवर सुकलेलें रक्तही उठून दिसत नसे. परंतु मुख्य कारण हरिणाच्या देहांतच असतें. श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण हृदय फुटल्यावरही मेंदूला कांहीं क्षण पुरेल इतका प्राणवायु उरतो आणि तेवढ्यांत तें शंभर पावलें सहज तोडतें. छातींतील रक्त पुष्कळदां आंतच सांचतें. सैल कातडें सरकून जखम झांकतें. गोळी पोटांत लागल्यास चारा जखमेंत बोळ्यासारखा बसतो. माग तुटतो, प्राण मात्र कित्येक तासांनीं जातो. अशा वेळीं लागलीच पाठलाग करणारा उतावळा शिकारी आडोशाला बसलेल्या जनावराला पुन्हां उठवून दूर घालवी. म्हणून जाणते लोक गोळी लागली ती जागा प्रथम हेरीत आणि कांहीं वेळ थांबूनच मागावर निघत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार गुन्हा ठरली. त्यापूर्वीं शिकारी सांगत ती संख्या हातीं आलेल्या हरिणांची असे. पिकांत तडफडून मेलेल्यांची गणती कोणींच केली नाहीं.